हळदीच्या धुळीसाठी धुता येणारा मास्क: शिवायचा, बसवायचा आणि टिकवायचा कसा

नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की सांगली मार्केट यार्डात, गोदामांत आणि गावोगावच्या पॉलिशच्या ढोलांवर महिनोन्महिने पिवळी धूळ उडत राहते. ढोलात हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात, वरची साल, मुळं आणि माती निघते आणि त्यातली बारीक भुकटी हवेत तरंगते. पल्व्हरायझरवर, म्हणजे हळद दळण्याच्या यंत्रावर, पोतं रिकामं करताना, पावडरची गोणी भरताना, हळकुंडांचं पोतं झटकताना तर समोरचा माणूस दिसेनासा होतो. यावर सर्रास दिसणारा उपाय म्हणजे तोंडाला टॉवेल नाहीतर ओढणी गुंडाळणं. त्याने मोठे कण अडतात, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांवर कापड सैल राहतं. श्वास ओढला की हवा तिथूनच आत येते. टॉवेल ओला केला तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण ओल्या कापडातून हवा जड जाते आणि बाजूच्या फटीतून सोपी.

इथे दिलेला मास्क दोन भागांचा आहे. बाहेरचा खोळीसारखा मास्क आणि त्यात सरकवायची, काढून धुता येणारी गादी. शिवणयंत्रावर बऱ्यापैकी हात बसलेल्याला पहिला मास्क शिवायला दोन तास लागतील, पुढचे भराभर होतात. पण शिवण हा सोपा भाग आहे. मास्क कुचकामी ठरतो तो बहुतेक वेळा कापडामुळे नाही, चेहऱ्यावर नीट न बसल्यामुळे. म्हणून कापडापेक्षा नाकाच्या तारेवर आणि नाडीवर जास्त वेळ घाला.

आधी, हा कशासाठी नाही

हळदीची, मिरचीची, पिठाची, मळणीयंत्राची जाडसर धूळ आणि विट्याकडच्या यंत्रमागांवर उडणारा कापसाचा तूस, यासाठी हा मास्क आहे. कापड धूळ अडवतं ती मुख्यतः दोन प्रकारे: जड कण वळणावर वळू न शकल्याने धाग्यावर आपटतात, आणि मोठे कण धाग्याजवळून जाताना त्याला घासून चिकटतात. मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक कणांवर हे दोन्ही उपाय लंगडे पडतात. एन-९५ मास्कमध्ये बारीक कण पकडण्याचं काम मधला विद्युतभारित थर करतो, आणि तो भार घरच्या कापडात नसतो.

तेव्हा दगडी क्रशर, फरशी कापणं, फौंड्रीत वाळू झाडणं अशा कामांना हा मास्क लावू नये. त्या धुळीत सिलिका असते, तिचे घातक कण डोळ्याला दिसत नाहीत, फुप्फुसात एकदा बसले की निघत नाहीत. तिथे आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला एफएफपी-२ (बारीक धूळ गाळणाऱ्या तयार मास्कचा एक दर्जा) किंवा त्यावरचा मास्क, किंवा रबरी-सिलिकॉनचा, फिल्टर बदलता येणारा अर्धमुखी मास्क लागतो. तासगावकडच्या बेदाणा शेडवर गंधकाची धुरी देताना तर कापड आणि एफएफपी-२ दोन्ही निरुपयोगी, कारण तिथे सल्फर डायऑक्साइड हा वायू असतो आणि वायू कापडातून सरळ जातो. द्राक्षबागेवरच्या औषधफवारणीचंही तेच. तिथे त्या वायूसाठीचं कार्ट्रिज (वायू शोषणारी डबी) बसवलेला मास्कच हवा.

बुरशी चढलेला माल हाही वेगळा विषय. साखर कारखान्यात जुना, भिजून वाळलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, हलवताना उडणाऱ्या बुरशीच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते. बगॅसोसिस म्हणतात त्याला. भिजून बुरसलेली हळद किंवा कुजकट वैरण हलवायची असेल तरी एफएफपी-२ घाला.

आणि पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. २००५ च्या महापुरानंतर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा वापर पुष्कळ कमी झाला, तरी पेव म्हणा, धान्याची खोल कणगी म्हणा, बंद जागेत प्राणवायू कमी पडलेला असू शकतो. मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. कोणताही मास्क लावून अशा जागेत उतरायचं नाही. आधी तोंड उघडून जागा पूर्ण हवेशीर होऊ द्यायची, आणि उतरणाऱ्या माणसाला दोराने बांधून वर दुसरा माणूस उभा ठेवायचा.

सामान

बाहेरच्या थराला घट्ट विणीचं सुती पॉपलिन. ते उजेडासमोर धरून पाहा. विणीतून दिव्याचा आकार स्पष्ट दिसत असेल तर ते कापड नको. ९० सेंटीमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडात दहा मास्कचे बाहेरचे भाग आरामात बसतात. आतल्या अस्तराला मऊ सुती, उदाहरणार्थ टू-बाय-टू रुबिया, जे ब्लाउजपीसच्या दुकानात मिळतं. अस्तर पांढरंच घ्या. हौस म्हणून नाही, त्याचं कारण पुढे येईल. मांजरपाट चालतं, पण त्यात खळ फार असते. गरम पाण्यात रात्रभर भिजवून, दोनदा धुवून ती पूर्ण काढावी लागते.

गादीला स्पनबाँड म्हणजे पॉलिप्रोपिलीनचं न विणलेलं कापड, ४० ते ६० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं). कापडी दिसणाऱ्या पिशव्या याच कापडाच्या असतात. दुकानाच्या छापील पिशव्या मात्र कापू नका. बऱ्याच पिशव्यांवर चकचकीत थर असतो आणि त्यातून हवा जातच नाही. मीटरवर मिळणारं कोरं, विनाछपाईचं कापड घ्या. तपासायचं सोपं आहे: दोन पदर ओठांवर दाबून धरा आणि श्वास ओढा. अडलं तर कापड नापास. कापडाला उग्र वास असेल तरी नापास.

बाकी किरकोळ: नाकासाठी ॲल्युमिनियमची ५ मिलिमीटर रुंद, १० सेंटीमीटर लांब पट्टी (लोखंडी तार नको, ती गंजते आणि वाकवली तरी परत उसळते), प्रत्येक मास्कला १२० सेंटीमीटर सुती नाडी, ११ नंबरची सुई, आणि नमुना काढायला खाकी कागद. १६ नंबरच्या सुईने शिवू नका, तिची भोकं मोठी पडतात. इलॅस्टिक इथे मुद्दाम घेतलेलं नाही. घाम, गरम पाणी आणि ऊन यांनी ते दोन-तीन महिन्यांत ढिलं पडतं, आणि ढिलं पडलेलं चटकन लक्षात येत नाही.

सगळं सुती कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर बाहेरचा भाग आणि अस्तर वेगवेगळे आटतात, वरची कड सुरकुतते आणि नाकापाशी फट पडते. हे एकच पाऊल गाळून बिघडवलेले मास्क खूप दिसतात.

नमुना

खाकी कागदावर १४ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच चौकट काढा. हा अर्ध्या चेहऱ्याचा नमुना. डावी कड नाकाच्या रेषेची, उजवी कानाकडची.

वरच्या कडेवर डावीकडून ३.५ सेंटीमीटरवर एक खूण करा, ही नाकाची दांडी. डाव्या कडेवर वरून ६ सेंटीमीटरवर दुसरी, हे नाकाचं टोक. खालच्या कडेवर डावीकडून ४ सेंटीमीटरवर तिसरी, ही हनुवटी. तिन्ही खुणा एका गोलसर, पोट बाहेर काढलेल्या रेषेने जोडा. रेषेत कुठेही टोक नको, टोक राहिलं तर तिथे मास्कला चोच येते. आता उजव्या कडेवर वरून ४.५ आणि ११.५ सेंटीमीटरवर खुणा करा. नाकाच्या खुणेपासून वरच्या उजव्या खुणेपर्यंत किंचित आत दबलेली रेषा, हनुवटीपासून खालच्या खुणेपर्यंत जवळजवळ सरळ रेषा. कागद कापा, आणि कापड कापण्याआधी चेहऱ्यावर धरून पाहा. हनुवटीच्या खाली बोटभर जायला हवा. लहान चेहऱ्याला चारी बाजूंनी अर्धा-पाऊण सेंटीमीटर कमी करा. बायकांना आणि पुरुषांना एकच माप देण्याची पद्धत चुकीची आहे. पुष्कळांना तो मास्क मोठा होतो आणि गालावर फुगतो.

आता कापणं. बाहेरच्या कापडाचे दोन तुकडे, एकमेकांचे आरसे: वर, खाली आणि मधल्या गोलाईला १ सेंटीमीटर शिलाई, कानाकडे ३ सेंटीमीटर जादा. अस्तराचे दोन तुकडे: वर, खाली, मध्ये १ सेंटीमीटर शिलाई, पण कानाकडची बाजू मूळ नमुन्यापेक्षा १ सेंटीमीटर आत कापायची. गादीचे स्पनबाँडचे चार तुकडे (दोन पदर, डावे-उजवे): मधल्या गोलाईला अर्धा सेंटीमीटर शिलाई, वर-खाली काहीच जादा नाही, आणि कानाकडे नमुन्यापेक्षा ३ सेंटीमीटर कमी.

शिवण

बाहेरचे दोन तुकडे सुलट्यावर सुलट ठेवून मधली गोलाई शिवा. टाका बारीक ठेवा. शिलाईच्या दाबाला, म्हणजे टीपेबाहेर उरलेल्या कापडाला, दर सेंटीमीटरला कैचीने छोटी खाच द्या. खाच टीपेपर्यंत जाऊ देऊ नका. खाचा न दिल्यास गोलाई ताणली जाते आणि मास्क नाकासमोर बसण्याऐवजी चपटा होतो. दाब उघडून इस्त्री करा आणि दोन्ही बाजूंनी वरून एकेक टीप मारा. अस्तराचंही तसंच करा, आणि अस्तराच्या कानाकडच्या दोन्ही कडा आधी अर्धा, मग एक सेंटीमीटर दुमडून शिवून टाका.

आता बाहेरचा भाग आणि अस्तर सुलट्यावर सुलट ठेवा. मधली शिवण मधल्या शिवणीवर. अस्तर दोन्ही बाजूंना आखूड दिसेल, ते तसंच हवं. वरची कड शिवा, खालची कड शिवा, आणि बाजूच्या उघड्या जागेतून उलटवा. नेफ्यासाठी जे बाहेरचं कापड दोन्हीकडे उरलंय, त्याच्या वरच्या-खालच्या कच्च्या कडा एक सेंटीमीटर आत दुमडून त्यावर टीप मारा. मग ती बाजू आधी १ आणि मग २ सेंटीमीटर आत वळवून नेफा शिवा. नेफ्याच्या टीपेत अस्तर अडकू द्यायचं नाही. अस्तराची कड आणि नेफा यांच्यामधून गादी आत जाणार आहे.

वरच्या कडेखाली १ सेंटीमीटरवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून ११ सेंटीमीटर लांबीची टीप मारा. हा पट्टीचा खिसा. एक टोक बंद करा, दुसरं आतल्या बाजूने उघडं ठेवा, म्हणजे धुताना पट्टी काढता येईल. पट्टीची दोन्ही टोकं पक्कडीने वळवून बोथट करा, नाहीतर ती चार दिवसांत कापड फाडून डोळ्याखाली टोचू लागते.

नाडी एकच आणि सलग. डाव्या नेफ्यात खालून वर, मग डोक्यावरून फिरवून उजव्या नेफ्यात वरून खाली. दोन्ही टोकं मानेमागे बांधायची. वरचा फेरा कानांच्या वरून डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर बसतो, खालची गाठ मानेवर. अंबाड्याला वरचा फेरा अंबाड्याच्या वर. टोपी, फेटा किंवा डोक्याचा स्कार्फ असेल तर आधी मास्क, मग टोपी. उलट केलं तर टोपी सरकली की मास्कही सरकतो.

गादीसाठी स्पनबाँडचे दोन पदर एकत्र धरून मधली गोलाई शिवा आणि बाहेरच्या कडेने बारीक झिगझॅग मारा. घरच्या यंत्राला झिगझॅग नसेल तर साधी टीप चालते, स्पनबाँडचे धागे निघत नाहीत. मिरची कांडपावर किंवा पिठाच्या गिरणीवर काम असेल तर दोन पदरांच्या मध्ये पातळ फ्लॅनेलचा एक पदर घाला. त्यापुढे पदर वाढवू नका. पदर वाढले की श्वास ओढायला जोर लागतो, आणि जोर लागला की हवा कडेने यायला लागते. पाच पदरांचा सैल मास्क तीन पदरांच्या घट्ट मास्कपेक्षा वाईट. मास्क घालून दोन मजले जिने चढा. मास्क खाली ओढावासा वाटला तर एक पदर कमी करा.

एका माणसाला दोन मास्क आणि चार गाद्या हा हिशेब ठेवा. एप्रिलात पत्र्याच्या शेडमध्ये घामाने गादी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओली होते आणि तेव्हा ती बदलावीच लागते.

बसवणं, आणि पिवळ्या रेघा वाचणं

गादी सरकवून तिची मधली शिवण मास्कच्या मधल्या शिवणीवर आणा, कडा बोटाने वर-खाली शेवटपर्यंत पोचवा. मास्क हनुवटीखाली अडकवा, मग नाकावर चढवा, वरचा फेरा, मग खालची गाठ. दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टी नाकाच्या दांडीवरून गालाकडे दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधे टोक येतं आणि दोन्हीकडे बोगदे राहतात. आता श्वास जोरात ओढा, मास्क आत ओढला गेला पाहिजे. जोरात सोडा, डोळ्यांकडे वारा आला तर नाकापाशी फट आहे. चष्म्यावर वाफ येणं हाही तोच निरोप. दाढी असेल तर यातलं काहीच साधत नाही. खुंटही फट ठेवतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर हरकत नाही.

प्रयोगशाळेत मास्क नीट बसलाय का हे पाहायला खास रसायनं आणि यंत्रं वापरतात. हळदीच्या शेडमध्ये ते काम हळदच करते, फुकट. कामाची पाळी संपल्यावर, हात धुवून, मास्क काढा आणि आरशासमोर उभे राहा. चेहरा पुसण्याआधी. मास्कच्या बाहेरचा भाग पिवळा झालेला असेल. चेहऱ्यावर, मास्कने झाकलेल्या भागात, जिथे जिथे पिवळी रेघ दिसेल, तिथून हवा आत आली.

नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून नाकपुडीकडे उतरणारी बारीक पिवळी रेघ दिसली तर पट्टी नीट दाबलेली नाही किंवा आखूड आहे. हीच तक्रार सगळ्यांत जास्त. गालावर, मास्कच्या कडेला लागून पंख्यासारखा पसरलेला पिवळेपणा असेल तर मास्क मोठा आहे किंवा नाडी सैल. हनुवटीखाली असेल तर मास्क उंचीला कमी पडतोय आणि बोलताना वर सरकतोय. हमालीच्या कामात आरडाओरडा करावाच लागतो, त्यामुळे नमुन्याची उंची खाली एक सेंटीमीटर वाढवून पाहा.

मग पांढरं अस्तर पाहा. ते पांढरं का, ते इथे कळतं. फक्त कडा पिवळ्या आणि मध्य स्वच्छ, तर कापड ठीक आहे, बसणं चुकलंय. मध्यभाग, नाका-तोंडासमोर सारखा पिवळसर, तर गादी झिजली किंवा पातळ आहे. मधल्या शिवणीवर ठिपक्यांची ओळ, तर सुई जाड होती. नेफ्याशेजारी उभा पट्टा, तर गादी अरुंद कापली गेलीय आणि हवा गादी टाळून नुसत्या दोन सुती थरांतून येतेय. या चारही गोष्टींचे उपाय वेगवेगळे आहेत. कडा पिवळ्या असताना पदर वाढवत बसणारे लोक आजार एक आणि औषध दुसरं घेत असतात.

फसवणुकीच्या दोन जागा सांभाळा. पिवळ्या बोटांनी मास्क आतून धरला तर अस्तरावर ठसे उठतात. ते गोल आणि पुसट कडांचे असतात, रेघेसारखे नसतात. दुसरी म्हणजे चहा पिताना मास्क गळ्यात लोंबकळत ठेवण्याची सवय. आतली बाजू वर होते, धूळ तिच्यात बसते, आणि परत चढवला की ती धूळ थेट नाकापुढे. चहाला मास्क काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. अस्तर स्वच्छ निघालं म्हणजे डोळ्याला न दिसणारी धूळही अडली असं मात्र धरू नका. हा तपास जाड धुळीचा आणि फटींचा आहे.

धुणं

वापरलेला मास्क फटकारायचा नाही. दिवसभर पकडलेली धूळ त्या एका झटक्यात तोंडावर येते. गादी आणि पट्टी काढा, दोन्ही कापडं थेट साध्या पाण्यात बुडवा. पहिलं पाणी कायम थंड. पिठाच्या गिरणीवर हे विसरलात तर कढत पाण्याने पिठातला स्टार्च शिजतो, कापडातच खळ होते, आणि वाळल्यावर गादी पुठ्ठ्यासारखी कडक होऊन हवा अडवते. अशी गादी परत पहिल्यासारखी होत नाही.

पहिलं पाणी फेकल्यावर कोमट पाण्यात, लिटरला एक चहाचा चमचा डिटर्जंट पावडर घालून वीस मिनिटं भिजवा. हाताने दाबत, सोडत धुवा. ब्रश नको, दगडावर आपटणं तर नकोच. त्याने वीण मोकळी होते आणि स्पनबाँडला लव सुटते. साबणाची वडी टाळा. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण फाटून पांढरा चोथा होतो आणि तो धाग्यांमध्ये अडकून राहतो. कपडे मऊ करणारी द्रावणंही नकोत, धाग्यांवर त्यांचा थर बसतो. तीन पाण्यांतून काढा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा.

डिटर्जंट लागताच हळदीचा डाग लालसर-तपकिरी होईल. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. भरपूर पाण्याने खळबळलं की परत पिवळा होतो. लाल राहिला तर डिटर्जंट अजून निघालेलं नाही, आणखी एक पाणी द्या. राहिलेला पिवळा डाग सुती भागावर ऊन खातं. दोन-तीन तास कडक उन्हात पांढरं अस्तर बरंच उजळतं. पण डाग म्हणजे धूळ नव्हे. स्वच्छ धुतलेल्या गादीवर पिवळा रंग राहू शकतो, आणि तो काढायला ब्लीच वापरण्याचं कारण नाही.

गादी मात्र सावलीत वाळवा. पॉलिप्रोपिलीन रोज उन्हात टाकलं तर काही आठवड्यांत ठिसूळ होतं. तिला इस्त्रीही नाही, सुती कापडाची इस्त्री तिला वितळवते. बाहेरच्या मास्कला इस्त्री जरूर करा, कारण वरची कड सपाट राहिली तरच ती नाकावर बसते. पावसाळ्यात गादी पंख्याखाली पूर्ण कोरडी झाल्याशिवाय डब्यात टाकू नका. दमट गादीला बुरशी लागते आणि मग धुळीच्या जागी बुरशी नाकात जाते. कुबट वास आला की टाकून द्या.

हीच पद्धत एन-९५ला लावू नका. साबणाच्या पाण्याने आणि सॅनिटायझरने त्याच्या मधल्या थरातला विद्युतभार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, काम मात्र बरंच घटतं, आणि धुणाऱ्याला ते कळत नाही. स्पनबाँडच्या गादीत भार नसल्यामुळे धुण्याने तिचं असं काही बिघडत नाही.

गादी किती धुण्यांनंतर टाकायची याचा ठोक आकडा सांगणं बरोबर नाही. ढोलावरची आणि गोदामातली गादी सारखी झिजत नाही. शिवताना प्रत्येक खेपेची एक गादी कोरी, न वापरलेली बाजूला ठेवा. दर दहा धुण्यांनी वापरातली गादी तिच्या शेजारी बल्बसमोर धरा. वापरातल्या गादीतून जास्त उजेड आला, पातळ ठिगळं दिसली, किंवा मधली शिवण ताणून टाक्यांची भोकं रुंदावली असतील तर ती बाद. धुण्यांचा हिशेब ठेवायला कडेला मार्करचा एकेक ठिपका पुरतो. नाडीची गाठ ज्या जागी रोज बसते तिथे ती झिजते, हंगामात एकदा बदला. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून वाकवून मधोमध तुटते. दोन-चार जादा कापून ठेवा.

शेडमध्ये ढोलाच्या धुळीच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि माणूस वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा केला, तर मास्कवरचा भार आधीच पुष्कळ कमी होतो. पोतं उंचावरून ओतू नका, तोंड ढोलाच्या आत टेकवून सोडा. दम्याचा त्रास असणाऱ्याने, किंवा मास्क लावून काम करताना छाती भरून येत असेल त्याने, आधी डॉक्टरांना दाखवावं आणि तोवर ढोलावरून हलून तोलाईच्या किंवा निवडण्याच्या कामावर बसावं.